हापसा, रिक्षा आणि ट्रिपल फाइव्ह

एप्रिल २०२४ मध्ये झायलॉग या अमेरिकी कंपनीने जाहीर केलं, की मूळ झेड-८० या मायक्रोप्रोसेसरच्या शेवटच्या मागण्या १४ जूनपर्यंत घेतल्या जातील आणि त्यानंतर ही चिप बनणार नाही. फेदेरिको फाजिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती १९७६ साली बाजारात आणली होती. ज्या धंद्यात दोन वर्षांपूर्वीचा मोबाइल जुनाट ठरतो, त्या धंद्यात एक चिप तब्बल ४८ वर्षं बनत राहिली. जगभरच्या इलेक्ट्रॉनिक्सवेड्यांना तिच्या जाण्याची हळहळ वाटली, यात नवल नाही.

झेड-८० जन्मली त्याच सुमारास, १९७६-७७ मध्ये, तमिळनाडूत कोइम्बतूरच्या आसपास एका हापशाच्या चाचण्या चालू होत्या. तो हापसा आजही बनतो. आफ्रिकेतल्या खेड्यांत आहे, बुंदेलखंडात आहे, आणि लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या गावांत शाळेच्या आवारात, देवळापुढे, वस्तीच्या तोंडाशीही आहे. त्याचं नाव इंडिया मार्क टू. जगात सर्वांत जास्त वापरला गेलेला सार्वजनिक हातपंप म्हणून त्याची नोंद आहे. आणि त्याची मुळं जिनिव्हात किंवा न्यूयॉर्कमध्ये नाहीत. ती जालन्यात आणि सोलापुरात आहेत. औशाहून तुळजापूरमार्गे सोलापूर गाठणाऱ्या माणसाला आपण एका जगप्रसिद्ध यंत्राच्या माहेराकडे चाललो आहोत, याची कल्पना सहसा नसते.

एखादं यंत्र, एखादी गाडी, एखादा इलेक्ट्रॉनिक भाग चाळीस-पन्नास वर्षं जवळपास तसाच का बनत राहतो? ‘जुन्या काळचं लोखंड मजबूत होतं’ हे लोकप्रिय उत्तर आहे, पण ते पुरत नाही. मजबूत असूनही मेलेली यंत्रं ढिगाने सापडतात. दुसरं उत्तर ‘आपल्याकडे स्पर्धाच नव्हती’ असं असतं. ते काही यंत्रांबाबत खरं आहे, काहींबाबत साफ खोटं. मराठवाड्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या दीर्घायुषी यंत्रांकडे एकत्र पाहिलं, तर तिसरंच काहीतरी पुढे येतं, आणि त्याची सुरुवात हापशापासूनच करावी लागते.

मराठवाड्याची जमीन काळी, आणि तिच्याखाली काळाच बेसाल्टचा खडक. आड-विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवतात. पाणी खडकाच्या भेगांत, खोलवर. १९६६ च्या उत्तरेतल्या दुष्काळानंतर युनिसेफने खडक फोडून बोअर घेणारी यंत्रं भारतात आणली. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला बोअरची निकड पटवून दिली. गावोगाव बोअर झाले, त्यांवर हापसे बसले, आणि थोड्याच दिवसांत बंद पडू लागले. हे हापसे बिडाचे होते, युरोप-अमेरिकेतल्या घरगुती पंपांच्या नकला. ज्या पंपाचं मूळ काम एका शेतकरी कुटुंबाला दिवसाकाठी चार-सहा बादल्या देण्याचं, त्याच्यावर अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत लोंबकळत होतं. दांड्याच्या खिळी झिजायच्या, बीड तडकायचं. १९७० च्या दशकाच्या मध्यात पाहणी झाली, तेव्हा देशातले सुमारे तीन-चतुर्थांश हापसे कोणत्याही घडीला बंदच असतात, असं दिसून आलं. बोअरमध्ये पाणी होतं, पण ते वर येत नव्हतं. गावकऱ्यांच्या दृष्टीने तो बोअर आणि कोरडा बोअर यांत काडीचा फरक नव्हता.

याच काळात जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनशी जोडलेली मंडळी बोअर घेत होती. तडकणाऱ्या बिडाला कंटाळून त्यांनी पोलादी पत्रे आणि पाइप जोडून हापशाचं डोकं तयार केलं. ‘जालना पंप’ म्हणून तो ओळखला गेला. सोलापुरात त्याच विचाराला आणखी धार आली. दांड्याला अनेक सांधे असण्याऐवजी एकच आस, त्या आसाला बंदिस्त बेअरिंग, आणि दांड्याच्या टोकाला अर्धगोल कमानीवर बसवलेली साखळी. दांडा वर-खाली होताना साखळी कमानीवर गुंडाळली जाते, त्यामुळे आतली सळई नेहमी सरळ रेषेतच ओढली जाते, बाजूला घासत नाही. ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट हापशाचं आयुष्य कितीतरी पटींनी वाढवणारी ठरली. ‘सोलापूर पंप’ त्या वेळचा देशातला सर्वांत टिकाऊ हापसा होता.

त्यात एक उणीव होती. तो हाताने, नजरेने, कारागिराच्या सवयीने बनत होता. एका पंपाचा भाग दुसऱ्याला बसेलच, याची खात्री नव्हती. युनिसेफ, भारत सरकार आणि मूळची मुंबईची रिचर्डसन अँड क्रूडास ही कंपनी यांनी मिळून सोलापूरच्या कल्पनेला कारखान्याची मापं दिली. कोइम्बतूरच्या चाचण्यांनंतर १९७७ मध्ये रिचर्डसन अँड क्रूडासच्या मद्रासच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं. १९७९ मध्ये आयएस ९३०१ हे भारतीय मानक आलं. या मानकात प्रत्येक भागाचं माप, धातू, जोड आणि किती फरक चालेल ते सगळं ठरवलेलं होतं.

इथे जे घडलं ते या संपूर्ण विषयातलं सर्वांत महत्त्वाचं आहे. या आराखड्यावर कोणीही पेटंट घेतलं नाही. ज्याला बनवायचा त्याने बनवावा. देशात बघता बघता अनेक कारखाने तो बनवू लागले. पण खरेदी करताना त्रयस्थ तपासनीस कारखान्यात जाऊन मापं तपासत, आणि नापास माल परत जात असे. नक्कल मोकळी होती, माप पक्कं होतं. त्यामुळे पंप कोणत्याही गावचा असो, त्याचं बेअरिंग, साखळी, वायसर दुसऱ्या कारखान्याचंही बसायचं. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात असे पन्नास लाख पंप बनले होते, असं सांगितलं जातं. आफ्रिकेतल्या देशांनी आपापली मानकं त्यावरून बेतली.

हा हापसा परिपूर्ण होता असं नाही. त्याचं डोकं दणकट होतं, पण दुखणं सहसा खाली, सिलिंडरमध्ये असायचं. पिस्टनला चामड्याचे वायसर असत, ते झिजले की दांडा हापसून हापसून हात भरून येत आणि पाणी मात्र धार धरत नसे. एवढासा वायसर बदलायला सगळी पाइपलाइन वर काढावी लागे. त्यासाठी पंचायत समितीचं हातपंप दुरुस्ती पथक गाडी, पाने, चार माणसं घेऊन येईपर्यंत वाट पाहणं आलं. म्हणून पुढे मार्क थ्री आला. त्याचा उभा पाइप जाड, सुमारे ६५ मिलिमीटरचा, त्यामुळे पिस्टन पाइपमधूनच वर ओढून काढता येतो. चामड्याच्या जागी रबराचे वायसर आले. गावातल्या माणसाला, प्रशिक्षण मिळालेल्या बाईलाही, हे काम जमू लागलं. विशेष म्हणजे वरचं डोकं जवळपास तेच राहिलं. त्यात सुधारणेची गरज पडली नाही, म्हणून कोणी हौसेने बदल केला नाही. अभियांत्रिकीतला हा संयम दुर्मीळ आहे, त्याचं कौतुक मनापासून करायला हवं.

हापशाची खरी मर्यादा त्याच्या बनावटीत नव्हती, जमिनीत होती. मार्क टू सुमारे ५० मीटरपर्यंतच्या पाण्यासाठी आहे. मराठवाड्यात गेल्या तीस वर्षांत बोअर पाचशे, सातशे फुटांखाली गेले, पाणबुडी मोटारी आल्या, आणि त्यांनी ओढलेल्या पाण्यामुळे हापशाच्या पट्ट्यातलं पाणी आटलं. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं, तेव्हा मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. ‘जलदूत’ या नावाने ती गाडी देशभर गाजली. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यातले कितीतरी हापसे धडधाकट असूनही नुसतेच खडखडत होते. त्याला यंत्र जबाबदार नव्हतं.

आता रस्त्यावर येऊ. औसा हे तुळजापूर-लातूर-नांदेड रस्त्यावरचं गाव, त्यामुळे वाहनांचा अर्धशतकाचा इतिहास त्याच्या चौकातून गेला आहे. काळी-पिवळी जीप, टमटम, टेम्पो, मॅटाडोर, ट्रॅव्हलर ही सगळी एकेकाळी परदेशात आखलेली, महाराष्ट्रात बनलेली आणि मूळ देशात बंद झाल्यावरही इथे चालू राहिलेली वाहनं.

त्यांत सर्वांत नाट्यमय गोष्ट तीनचाकी टेम्पोची. हॅम्बुर्गच्या एका कंपनीने १९४९ मध्ये ‘हान्सीट’ हा तीनचाकी मालवाहू बनवायला घेतला, कारण युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत मोठा ट्रक परवडत नव्हता. १९५० च्या दशकातच जर्मनी सावरली आणि तिथलं त्याचं उत्पादन थांबलं. १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो उभी राहिली, आधी गोरेगावला आणि नंतर पुण्याजवळ आकुर्डीला. जर्मनांनी जी गाडी जेमतेम सात वर्षं बनवली, ती इथे विसावं शतक संपेपर्यंत बनत होती. मर्सिडीजची १९७७ ची टी-१ व्हॅन जर्मनीत १९९५ मध्ये बंद झाली. तिच्यापासून निघालेली बजाज टेम्पोची ट्रॅव्हलर मात्र १९८७ पासून आजतागायत बनते आहे. कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं, गाडीचा चेहरा दोन-तीनदा घासूनपुसून नवा केला, पण उंच छप्पर, आत उभं राहता येईल अशी जागा आणि मर्सिडीजच्या जुन्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा वंश तसाच राहिला. पंढरपूरला, तुळजापूरला, लग्नाला, दवाखान्याला जाणारी निम्मी गर्दी त्याच आराखड्यात बसून जाते.

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. अमेरिकेत सीजे-३बी हे मॉडेल १९५३ ते १९६८ एवढंच बनलं. इथे त्याच सांगाड्यावर लांब, आखूड, उघडी, बंद, डिझेल, अशी किती रूपं झाली याची गणती नाही. औसा-लातूर, औसा-निलंगा रस्त्यांवर दहा-बारा माणसं कोंबून धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या कमांडर त्याच घराण्यातल्या. २००० साली आलेली बोलेरो तर पूर्णपणे खुल्या बाजारात जन्मली. समोर चकचकीत परदेशी गाड्या असतानाही ती पंचवीस वर्षं विकली जाते आहे. ‘स्पर्धा नव्हती म्हणून टिकल्या’ हे सरसकट विधान बोलेरोपाशी येऊन अडतं.

रिक्षाचं काय म्हणावं? पियाजिओने १९४८ मध्ये इटलीत व्हेस्पाचे भाग वापरून तीनचाकी ‘आपे’ बनवली. बजाजने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या वंशातली रिक्षा बनवायला घेतली. १९७७ मध्ये इंजिन मागे गेलं. दोन स्ट्रोकची चार स्ट्रोक झाली, पेट्रोलची डिझेल झाली, एलपीजी झाली, सीएनजी झाली. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला कारखाना निघाला, आणि मराठवाड्यातून रिक्षा श्रीलंका, इजिप्त, नायजेरियापर्यंत जाऊ लागल्या. इतके बदल झाल्यावर ती ‘तीच’ रिक्षा म्हणायची का? या आढाव्यापुरतं उत्तर हो असंच आहे. पुढे एक चाक, स्टिअरिंगऐवजी हँडल, मागे आडवा बाक आणि वर ताडपत्रीचं टप, एवढं सांगितलं की शेंबड्या पोरालाही चित्र काढता येतं. माणसाच्या बसण्या-उठण्याशी, अरुंद गल्लीत वळण्याशी जो भाग जोडलेला आहे तो टिकला. धूर आणि इंधन यांच्याशी जो भाग जोडलेला होता तो बदलत गेला. दीर्घायुषी आराखड्यांत हा फरक वारंवार दिसतो.

याच्या उलट टोकाला प्रीमियर पद्मिनी आणि बजाज चेतक. त्यांच्याबद्दल महाराष्ट्रात फार हळवं लिहिलं गेलं आहे, आणि त्या हळवेपणात एक अन्याय झाकला जातो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, हे धाडसच होतं. पण इटलीत चार-पाच वर्षंच बनलेली फियाट ११००डी इथे १९६४ पासून २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली, याचं मोठं श्रेय गाडीकडे जात नाही, ते परवाना पद्धतीकडे जातं. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं आणि ग्राहकाने रांगेत उभं राहायचं. १९७२ मध्ये आलेल्या चेतकसाठी लोक अनेक वर्षं थांबले, हे चेतकच्या मोठेपणाचं लक्षण म्हणून सांगितलं जातं. खरं तर ज्या शिक्षकाने, ज्या कारकुनाने नाव नोंदवून आठ-दहा वर्षं सायकल हाणली, त्याच्या बाजूने या गोष्टीकडे पाहायला हवं. १९९१ नंतर परवान्यांची ही भिंत पडली. पद्मिनी दहा वर्षांत आणि चेतक पंधरा वर्षांत संपली. चेतक हे नाव २०१९ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरवर परत आलं, पण आत जुन्या चेतकचा स्क्रूसुद्धा नाही.

तरीही पद्मिनीच्या उत्तरार्धात एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. कारखाना बंद झाल्यावरही मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती वीस वर्षं चालवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. उत्पादन सरकारी भिंतीच्या आडोशाने टिकलं, पण ही शेवटची वीस वर्षं भिंतीमुळे मिळाली नव्हती. ती कुर्ल्या-भायखळ्याच्या मिस्त्र्यांनी मिळवून दिली. म्हणून एखादं यंत्र किती वर्षं बनलं आणि किती वर्षं चाललं, हे दोन आकडे वेगवेगळे मोजले पाहिजेत.

शेताकडे वळलं की ही गोष्ट आणखी ठसठशीत होते. मोट गेली आणि वीज यायची होती, त्या मधल्या काळात विहिरीवर डिझेलचं इंजन असायचं. इंग्लंडच्या डर्सली गावातल्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेणारं, दोन जड चाकांचं, संथ इंजन आणलं आणि १९८७ पर्यंत बनवलं. गुजरातेत राजकोटच्या कारखानदारांनी त्याची नक्कल केली, ती नक्कल मूळ कंपनीपेक्षा जास्त जगली. महाराष्ट्रात सातारा रोडचं कूपर आणि पुण्याचं किर्लोस्कर ही मोठी नावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं गेली. नांगराचा फाळ झिजला तर नवा मिळतो, बाकीचा नांगर तसाच राहतो, ही गोष्ट पटल्यावर मात्र तो घरोघर गेला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. तिची एक सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी, मिनिटाला १५०० फेऱ्यांची इंजिनं पुढे शेतात तर गेलीच, पण एका अनपेक्षित जागी कायमची स्थिरावली. देशातल्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत किर्लोस्करचं टीव्ही-१ इंजिन असतं. ८७.५ मिलिमीटरचा बोअर, ११० मिलिमीटरचा स्ट्रोक, ६६१ सीसी, ५.२ किलोवॅट. करंजाच्या तेलापासून जट्रोफापर्यंत जैवइंधनांवरचे असंख्य भारतीय शोधनिबंध याच इंजिनावर झाले आहेत. जुन्या प्रयोगांशी तुलना करायची तर इंजिन तेच हवं, म्हणून नवं महाविद्यालय पुन्हा तेच विकत घेतं. शेतात ज्या गुणाने ते टिकलं तो दुरुस्तीचा होता, प्रयोगशाळेत ते तुलनेच्या सोयीने टिकलं आहे.

टाइपरायटरचं उदाहरण थोडक्यात. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय टाइपरायटर बनवला आणि साताऱ्यातल्या शिरवळच्या कारखान्यात २००९ पर्यंत बनवला. तालुक्याच्या गावी टायपिंगचे क्लास, परीक्षा परिषदेचं प्रमाणपत्र, कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसलेले टंकलेखक, ही सगळी त्या यंत्राभोवतीची दुनिया होती. यंत्र गेलं, पण मराठी रेमिंग्टनची कळरचना संगणकात शिरली. तीस वर्षांपूर्वी क्लासला बोटं बसलेले कितीतरी कर्मचारी आजही त्याच रचनेत शासकीय पत्रं टाइप करतात. इथे लोखंडाचा भाग संपला आणि बोटांच्या सवयीचा भाग शिल्लक राहिला.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये वय मोजण्याची रीतच वेगळी. तिथे यंत्रं मरतात आणि सुटे भाग जगतात. लातूरच्या किंवा नांदेडच्या बाजारात सुट्या भागांच्या दुकानात मेकॅनिक चिठ्ठी देतो, तीवर नावं नसतात, आकडे असतात. ७८०५, ४००७, ३०५५, ४४४०, ५५५. यातला प्रत्येक आकडा म्हणजे एका जुन्या कारखान्याचा वारसा आहे.

ट्रिपल फाइव्ह म्हणजे वेळ मोजणारी चिप. स्विस वंशाचा अभियंता हान्स कामेनझिंड याने १९७१ मध्ये ती सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखली, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे आडव्या टेबलावर हाताने रेषा काढून. १९७२ मध्ये ती विकायला आली. दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडा, ती ठरावीक वेळाने चालू-बंद होते. त्यातून दिव्यांची माळ लुकलुकते, गजर वाजतो, मोटार सुरू व्हायला अर्धा मिनिट उशीर लावता येतो. लवकरच अनेक कंपन्या तीच चिप त्याच पायांसह बनवू लागल्या. सिग्नेटिक्स हे नाव बाजारातून गेलं, चिप अजून वर्षाला अफाट संख्येने बनते. शालेय विज्ञान प्रदर्शनात पाण्याची टाकी भरल्यावर वाजणारा गजर ठेवलेला असेल, तर त्यात ती सापडण्याची शक्यता मोठी. तिच्याहीआधीची, १९६८ ची, डेव्ह फुलॅगर याची ७४१ ही चिप आजही प्रत्येक तंत्रनिकेतनाच्या प्रात्यक्षिकात आहे.

३०५५ हा जाड पोलादी टोपणातला ट्रान्झिस्टर आरसीए कंपनीने १९६० च्या दशकात आणला. तो १५ अँपिअरपर्यंत प्रवाह झेलतो, उष्णता सोडायला पत्र्यावर बसवता येतो, आणि बरंच सोसतो. भारनियमनाच्या वर्षांत गावोगावच्या कारागिरांनी जे घरगुती इन्व्हर्टर जोडले, त्यांत ३०५५ ओळीने उभे असत. ४४४० ही जपानी सान्योची आवाज वाढवणारी चिप. गाडीतल्या टेपसाठी ती बनली, आणि जीपगाड्यांत, भजनी मंडळाच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, चहाच्या टपरीवरच्या डेकमध्ये पोचली. सान्योचा चिपांचा धंदा २०११ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेला. ४४४० चे तयार बोर्ड मात्र बाजारात अजून ढिगाने मिळतात, जवळपास सगळे नकलांचे.

आणि इथे नकलांची दुसरी बाजू दिसते. ३०५५ चं टोपण तेवढंच, आकडा तोच, पण आतला सिलिकॉनचा तुकडा इवलासा, असा माल बाजारात सर्रास येतो. तो पहिल्याच भाराला उडतो. ४४४० च्या नकलांपैकी काही चांगल्या, काही टाकाऊ. हापशाच्या बाबतीत तपासनीस होता, मानक होतं. इथे मेकॅनिकचा अनुभव हाच तपासनीस. दुकानदार विश्वासाचा असेल तर ठीक. आराखडा मोकळा असणं ही दीर्घायुष्याची अर्धी अट झाली, उरलेली अर्धी माप पक्कं ठेवणाऱ्या व्यवस्थेची आहे. ती नसेल तर आराखडा नावापुरता जगतो आणि ग्राहक फसतो.

झेड-८० चं चुलतभावंड म्हणजे इंटेलची ८०८५. उद्योगांतून ती केव्हाच गेली, पण भारतीय अभ्यासक्रमांत ती ठाण मांडून बसली. रमेश गावकर यांचं तिच्यावरचं इंग्रजी पाठ्यपुस्तक १९८४ मध्ये अमेरिकेत निघालं आणि भारतातल्या डिप्लोमा-डिग्रीच्या पिढ्या त्यावर शिकल्या. ‘जुनाट शिकवतात’ ही तक्रार रास्त आहे, विशेषतः जिथे त्यापुढचं काहीच शिकवलं जात नाही तिथे. पण ८०८५ मध्ये एक गोष्ट आहे जी आजच्या चिपमध्ये नाही. तिचं संपूर्ण अंतरंग, प्रत्येक रजिस्टर, प्रत्येक आज्ञा, एका विद्यार्थ्याच्या डोक्यात मावतं. लहान गावातून आलेल्या मुलाला, ज्याने घरी संगणक पाहिलेला नाही, यंत्र विचार कसं करतं हे पहिल्यांदा तिथे उमगतं. या कामासाठी तिला निवृत्त करण्याची घाई नको, मात्र तिच्यानंतरची पायरी त्याच वर्षी यायला हवी.

मग दीर्घायुषी आराखडे संपतात कशाने? स्पर्धेने, हे चेतक आणि पद्मिनीत दिसलं. परिस्थिती बदलल्याने, हे कोरड्या हापशात दिसलं. गेल्या काही वर्षांत तिसरं कारण सर्वांत जोरदार झालं आहे, नियमांचं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झालं, आणि अनेक गाड्यांत इंधन पुरवण्याचं काम कार्ब्युरेटरकडून संगणकाकडे गेलं. हवा स्वच्छ व्हायलाच हवी, यात दुमत नको. जुन्या दोन स्ट्रोक रिक्षांचा निळा धूर ज्यांनी बसस्थानकावर तासन्‌तास गिळला आहे, त्यांना त्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. पण त्याबरोबर एक मोठा बदल न बोलता झाला. आधी औशाचा मिस्त्री कानाने ऐकून दोष ओळखायचा. आता दिवा पेटतो, आणि तो कशासाठी पेटला हे कळायला कंपनीचा स्कॅनर लागतो, तो लातूरच्या सेवा केंद्रात असतो. शेतात मोबाइलवरून मोटार चालू करणारे नवे स्टार्टर आले, फार सोयीचे. रात्री अडीचला थ्री फेज लाइट आली तरी शेतकऱ्याला अंथरुणातून उठावं लागत नाही. पण त्यांचा बोर्ड राळेत बुडवून बंद केलेला असतो. जळला की टाका, नवा आणा. जुन्या स्टार्टरची कॉइल बदलून मिळायची.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिने आधी घेतली. पाठोपाठ एक संकेतस्थळही निघालं, तिथे कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांचा तपशील द्यायचा आहे. दिशा योग्य आहे, पण माहिती देणं कंपनीच्या मर्जीवर सोपवलं तर तालुक्याच्या गावापर्यंत त्यातलं फार थोडं पोचेल. हापशाच्या वेळी सरकारने आणि युनिसेफने मर्जीवर सोडलं नव्हतं. आयएस ९३०१ मध्ये प्रत्येक भागाचं चित्र होतं आणि ते बघून कोणताही कारखाना तो भाग बनवू शकत होता.

वाळूजहून आता बॅटरीवरच्या रिक्षा निघू लागल्या आहेत आणि त्या औशाच्या चौकातही येतील. त्यांच्या बॅटरीचा आकार, जोडणीचे प्लग, कंट्रोलरची मापं आणि दोषसंकेतांची यादी यांचं एकच भारतीय मानक करणं आज शक्य आहे, कारण बाजार अजून लहान आहे आणि कोणत्याही कंपनीचं फार अडकलेलं नाही. ते मानक तालुक्याच्या आयटीआयमध्ये पोरांच्या हातात पडलं, आणि दोषसंकेत वाचणारं साधं यंत्र मिस्त्रीला कोणत्याही दुकानात विकत मिळालं, तर वीस वर्षांनी त्यातली एखादी रिक्षा औशातच, लातूरला न नेता, नीट होऊ शकेल.